लंडन-मुंबई आणि मुंबई-लंडन : एकाच मार्गाचे दोन भाव का?

वारणाकाठ
मंडळी, बरेच दिवस मनात असलेला प्रश्न विचारते आहे. आम्ही इंग्लंडात रेडिंगजवळ राहतो, माहेर सांगलीकडचं. मुलांच्या शाळेला डिसेंबरात सुट्टी लागते तेव्हा घरी यायचं म्हटलं की तिकिटांचे आकडे बघून डोळे पांढरे होतात. यंदा आई-बाबांनाच इकडे बोलवावं म्हणून त्याच तारखांचं, त्याच कंपनीचं, मुंबईहून निघणारं परतीचं तिकीट बघितलं. ते माझ्या तिकिटाच्या निम्म्याच्या आसपास निघालं! दोन्ही थेट विमानं, दोन्ही इकॉनॉमी, सामान तेवढंच. अंतर तर कमीजास्त होण्याचा प्रश्नच नाही.

मग मे महिना बघितला. तिथे नेमकं उलटं चित्र. आई-बाबांचं तिकीट चढलेलं आणि आमचं बरंच उतरलेलं.

आमची कमाई पौंडात आहे म्हणून भाव असा लावतात का? हे कायद्यात बसतं का? भारतातल्या वेबसाइटवरून, भारतातल्या कार्डाने काढलं तर फरक पडेल? आतलं माहीत असणाऱ्यांनी कृपया नीट समजावून सांगा. हॉटेलं, सहली, प्रवेश तिकिटं यांचेही अनुभव चालतील.

ठाणेकर
इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, शोधा. तुम्ही किती वेळा शोधलंत ते त्यांना कळतं. माझ्या डोळ्यांसमोर दहा मिनिटांत भाव वाढला आहे.

पुरणपोळी
+१. आणि मंगळवारी रात्री काढायचं असं आमची नणंद सांगते. ती कधी फसत नाही, म्हणून मी ऐकते.

सह्यमित्र
कारण सरळ आहे. ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्यूटी नावाचा कर. १९९४ पासून आहे आणि सतत वाढतो आहे. भारत त्यांच्या मधल्या पट्ट्यात येतो, म्हणजे २००० ते ५५०० मैल. त्या पट्ट्याला इकॉनॉमीत माणशी ९० पौंड होते, एप्रिल २०२६ पासून १०२. चौघांचं कुटुंब असेल तर हिशेब करा. आपल्या सरकारला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

तिकीटघर
वारणाकाठ, विमान कंपनीच्या भाडे विभागात मी बराच काळ काम केलं आहे. कंपनीचं नाव घेत नाही, पण पद्धत सगळीकडे जवळपास सारखीच असते.

सह्यमित्र म्हणतात तो कर खरा आहे, पण तुम्हाला दिसतो त्या फरकाचं कारण तो नाही. तो ब्रिटनमधून उडणाऱ्याला लागतो. आई-बाबा परत जाताना लंडनहूनच उडणार, म्हणजे त्यांच्या तिकिटातही तो आहेच. उलट तुमची मुलं १६ वर्षांखालची असतील तर इकॉनॉमीत त्यांना तो माफ आहे.

खरं कारण भाड्याच्या रचनेत आहे. लंडन-मुंबई-लंडन आणि मुंबई-लंडन-मुंबई या आमच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत. दरपत्रक वेगळं, अटी वेगळ्या, चलनसुद्धा वेगळं. एकाचं भाडं पौंडात ठरतं, दुसऱ्याचं रुपयांत. प्रवास ज्या देशात सुरू होतो त्या देशाचं दरपत्रक लागू होतं. तिकीट कुठे बसून काढलं आणि कुणाच्या कार्डाने, ही नंतरची गोष्ट. पुण्यातल्या एजंटाने तुमचं लंडनहून निघणारं तिकीट काढलं तरी मूळ भाडं पौंडातलंच राहतं, आयाटच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या, विनिमय दराने त्याचे रुपये होतात इतकंच. काही भाडी एखाद्याच देशात विकायची अशी अट घातलेली असते, त्यामुळे व्हीपीएन लावून, म्हणजे दुसऱ्या देशातून बघतोय असं भासवून, कधी थोडा फरक दिसतो. डिसेंबरचं भाडं त्याने निम्मं होणार नाही.

आता दोन दरपत्रकं का? डिसेंबरच्या मध्याला लंडनहून निघणारा प्रवासी डोळ्यांसमोर आणा. शाळेच्या सुट्टीला बांधलेलं कुटुंब. इंग्लंडात शाळा चालू असताना मुलांना फिरायला नेलं तर पालकांना दंड होतो, ऑगस्ट २०२४ पासून मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड. म्हणजे या कुटुंबाला तारीख हलवता येत नाही, हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे. ती विमानं भरून येतात. तीच विमानं मुंबईला उतरून काही तासांत परत निघतात तेव्हा त्या दिशेला जागा उरते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा उलटं, मुंबईहून जाणारी भरलेली आणि येणारी मोकळी. तुमचे आई-बाबा डिसेंबरात जाऊन जानेवारीत परतले तर दोन्ही खेपांना मोकळ्या दिशेने उडतात.

मे महिन्यात सगळी गर्दी मुंबईच्या बाजूने असते. आपल्या शाळांची सुट्टी, युरोपच्या सहली, मुलांकडे निघालेले आई-वडील. मग ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत विद्यार्थी. तेव्हा रुपयांतलं दरपत्रक चढतं.

तुमचा पगार कुणी बघत नाही. पण तुमच्या बाजारातल्या लोकांची देण्याची तयारी आणि अडचण मात्र रोज मोजली जाते.

नवखा
तिकीटघर काका, मग ठाणेकरांचा भाव दहा मिनिटांत कसा वाढला?

तिकीटघर
इकॉनॉमीच्या एकाच केबिनमध्ये डझनभर भाडी असतात, प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर. कुठल्या अक्षरात किती जागा उघड्या ठेवायच्या हे दिवसभर बदलत असतं. स्वस्त अक्षरातल्या शेवटच्या दोन जागा दुसऱ्या कुणी घेतल्या की तुम्हाला वरचं अक्षर दिसतं. शिवाय वेबसाइटवर पहिल्यांदा दिसणारा भाव बऱ्याचदा साठवलेला असतो, क्लिक केल्यावर ताजा येतो. इन्कॉग्निटोने नुकसान काही नाही, पण फायद्याची आशा धरू नका.

त्यापेक्षा एक काम करा. चार तिकिटं हवी असतील तर एकदा चार आणि एकदा एक असं शोधून बघा. स्वस्त अक्षरात तीनच जागा असतील तर चौघांचं एकत्र शोधताना चारही जागा वरच्या भाड्याने दाखवल्या जातात. तीन अधिक एक असं काढलं की फरक पडतो. मुलं असतील तर जागा शेजारी मिळतील याची खात्री आधी करून घ्या.

पुरणपोळी
हे माहीतच नव्हतं! वाचनखूण साठवली. नणंदेलाही पाठवते आहे.

जुनीपानं
थोडा इतिहास. एके काळी आंतरराष्ट्रीय मार्गांवरची भाडी आयाटच्या परिषदांमध्ये सगळ्या कंपन्या मिळून ठरवत आणि सरकारं त्यांना मान्यता देत. अमेरिकेने १९७८ मध्ये देशांतर्गत भाडी मोकळी केली. नव्या स्वस्त कंपन्या उतरल्या, त्यात पीपल एक्स्प्रेस गाजली. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडॉल यांच्यापुढे पेच होता. सगळी भाडी कमी करावीत तर कामासाठी उडणाऱ्यांकडून मिळणारा पैसा जातो, न करावीत तर गिऱ्हाईक जातं. जानेवारी १९८५ मध्ये त्यांनी मोजक्याच जागा अगदी स्वस्त केल्या आणि त्यांना अटी घातल्या. खूप आधी काढा, परतीचं काढा, परत मिळणार नाही. उरलेल्या जागा जुन्याच भावाने. कुठल्या विमानात किती स्वस्त जागा सोडायच्या हे संगणक सांगू लागला. पीपल एक्स्प्रेस १९८७ मध्ये कॉन्टिनेंटलमध्ये विरून गेली. शनिवारची रात्र तिथेच काढण्याची अटही त्याच काळात गाजली, कारण कामाला गेलेला माणूस शुक्रवारी घरी परतायला बघतो.

आपल्याकडे १९५३ चा एअर कॉर्पोरेशन्स कायदा १९९४ मध्ये रद्द झाला आणि खाजगी कंपन्यांना रस्ता मोकळा झाला.

श्रावणसर
सगळं वाचलं. समजलं. तरी पटत नाही. माणसाची अडचण मोजायची आणि तितके पैसे जास्त घ्यायचे, याला शास्त्र म्हटलं म्हणून ते न्याय्य होत नाही. सुट्टीला फिरायला जाणाऱ्याचं सोडा. वडील गेल्याचा फोन आला आणि उद्याचं तिकीट हवं, तर त्याच्याकडून सगळ्यात जास्त घेतात. ज्याला सर्वांत जास्त गरज त्याला सर्वांत महाग. मला शाळेत शिकवताना मुलांना हे योग्य आहे असं सांगता येणार नाही.

चिपळूणची_मावशी
सर, अगदी मनातलं बोललात. आमच्याकडे गणपतीला बघा. मुंबईहून चिपळूणला येणारी खाजगी बस काय भाव सांगते! आणि त्याच बसने त्याच दिवशी चिपळूणहून मुंबईला जायला कुणी नसतं, बोलावून बोलावून नेतात. विसर्जन झालं की सगळं उलटं. सरकारने एप्रिल २०१८ मध्ये नियम केला की खाजगी बसने एसटीच्या भाड्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही. नियम चांगला आहे. पण सणाच्या आधी चार दिवस स्टँडवर उभं राहून बघा.

पुरणपोळी
मावशी, म्हणजे सासर चिपळूण आणि माहेर मुंबई असं असतं तर गणपतीला माहेरपण अर्ध्या तिकिटात झालं असतं!

चिपळूणची_मावशी
आणि गणपतीला कोकणाबाहेर गेले म्हणून सासूने घरात घेतलं नसतं, ते वेगळं :)

तिकीटघर
श्रावणसर, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. आयत्या वेळच्या दुःखाच्या प्रवासाला काही कंपन्या पूर्वी सवलतीचं भाडं देत, ते बरंच कमी झालं आहे आणि हे वाईट झालं असं मलाही वाटतं. पण दुसरी बाजूही आहे. विमान उडालं की रिकामी खुर्ची कायमची गेली. सगळ्यांना एकच भाव लावला तर तो मधला कुठलातरी असेल आणि फेब्रुवारीत स्वस्तात जाणारे कितीतरी विद्यार्थी, आजी-आजोबा त्या भावाला जाणारच नाहीत. मग विमानं कमी होतील. माझं मत असं की वेगवेगळे भाव असावेत, पण वरच्या टोकाला मर्यादा हवी आणि ती आधी जाहीर असावी. रेल्वेने सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतोला फ्लेक्सी भाडं लावलं तेव्हा निदान दर दहा टक्के जागांमागे भाडं दहा टक्क्यांनी वाढेल आणि दीडपटीला थांबेल, हे लोकांना ठाऊक होतं.

हिशेबनीस
कायद्याचं विचारलं आहे म्हणून. भारतात भाडं ठरवायला कंपन्या मोकळ्या आहेत, पण सरकारला आणीबाणीत हात घालता येतो. कोविडमध्ये २५ मे २०२० पासून देशांतर्गत विमानांना खालची आणि वरची मर्यादा होती, ती ३१ ऑगस्ट २०२२ ला उठली. म्हणजे तिकीटघर म्हणतात ते अशक्य नाही, करून झालेलं आहे.

ऱ्हाईनकाठी
युरोपचं सांगतो. युरोपीय संघाच्या २००८ च्या विमान सेवा नियमात स्पष्ट लिहिलं आहे की प्रवाशाचं राष्ट्रीयत्व किंवा राहण्याचं ठिकाण बघून संघातल्या विमान भाड्यात भेदभाव करायचा नाही. पण प्रवास कुठून सुरू होतो यावर भाडं वेगळं ठेवायला मोकळीक आहे. वारणाकाठ यांचा प्रश्न या दुसऱ्या भागात बसतो. डिसेंबर २०१८ पासून जिओब्लॉकिंगविरोधी नियम आला. हॉटेल, थीम पार्क, भाड्याची गाडी याबाबतीत देश बघून ग्राहकाला अडवता येत नाही. वाहतूक सेवा मात्र त्यातून वगळल्या आहेत. त्याच्या आधी २०१५ मध्ये डिस्नेलँड पॅरिसचं प्रकरण झालं होतं. जर्मन आणि ब्रिटिश ग्राहकांना फ्रेंच ग्राहकांपेक्षा महाग पडतं अशा तक्रारी युरोपीय आयोगाकडे गेल्या होत्या.

आणि आमचा इथला अनुभव. फ्रँकफर्टहून मुंबई थेट महाग असतं. पण प्रागहून निघून फ्रँकफर्टला विमान बदलून त्याच विमानाने मुंबईला जाणारा कितीदा आमच्यापेक्षा स्वस्तात जातो! आमच्या शेजारच्या खुर्चीत बसतो. फ्रँकफर्टवाल्याला थेट विमान हवं असतं आणि त्यासाठी तो जास्त द्यायला तयार असतो. प्रागवाल्याला कुठेतरी बदलायचंच आहे, दुबई, दोहा, इस्तंबूल सगळं सारखंच. त्याला ओढायला भाव खाली येतो. शिवाय जर्मनीचा २०११ पासूनचा विमान कर आम्हाला लागतो, नुसतं बदलून पुढे जाणाऱ्याला नाही.

नवखा
मग तुम्ही प्रागचं तिकीट काढून फ्रँकफर्टलाच का नाही चढत?

ऱ्हाईनकाठी
पहिला टप्पा चुकवला की पुढचं सगळं तिकीट रद्द. टप्पे क्रमानेच वापरायचे असतात. ही चूक कुणीही करू नये.

मस्कतकर
आखातातलं सांगू का? इथे शाळा जूनच्या सुमारास बंद होतात आणि सगळे भारतीय एकदम निघतात. आमच्या कंपनीतले मजूर वर्षा-दोन वर्षांतून एकदा घरी जातात आणि तेही याच गर्दीत अडकतात, कारण गावी भावाचं लग्न, ओणम, ईद, दिवाळी असं काहीतरी असतं. श्रावणसर म्हणतात ते मी रोज बघतो.

इथे आणखी एक कारण आहे, त्याबद्दल फार बोललं जात नाही. दोन देशांमध्ये विमान सेवेचा करार असतो आणि आठवड्याला किती जागा, ते त्यात बांधलेलं असतं. भारत-दुबई करारात प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६६ हजार जागा आहेत. दुबईच्या कंपन्या कित्येक वर्षं जागा वाढवून मागत आहेत, आपलं सरकार देत नाही. सरकार म्हणतं आपल्या कंपन्या मोठ्या झाल्या पाहिजेत, लोकांनी परदेशी विमानतळावर विमान बदलून पुढे जाऊ नये. त्यात तथ्य आहे. पण तोपर्यंत जून-जुलैची किंमत मोजतो तो मजूर.

सह्यमित्र
हे महत्त्वाचं. जागा कमी तर भाव चढा. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा मुंबई-लंडन मार्गावरच्या किती जागा एकदम गेल्या! शिवाय हीथ्रोवर वर्षाला ४,८०,००० उड्डाणांची मर्यादा आहे आणि मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. दोन्ही टोकं तुंबलेली. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, त्यावर माझी बरीच आशा आहे.

माडाखाली
मडगावहून नमस्कार. आमच्याकडचा रोजचा वाद इथे आणतो. "गोव्यापेक्षा थायलंड स्वस्त" असं म्हणणारे बरेच पाहुणे भेटतात. विमानापुरतं बोलायचं तर एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. देशांतर्गत विमानाच्या इंधनावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट लागतो, ते अजून जीएसटीत नाही. परदेशी जाणाऱ्या विमानाच्या इंधनाला साधारणपणे हे लागत नाही. १९४४ च्या शिकागो करारापासून जगभर आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या इंधनाला अशी सूट मिळत आली आहे. म्हणून मुंबई-नागपूर दिवाळीत आणि मुंबई-बँकॉक साध्या आठवड्यात यांची तुलना करून चकित व्हायला नको. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे, रायगडचा हा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, तेव्हा कुठे तो गोवा-बंगळुरूच्या पातळीला आला.

हॉटेलांचं म्हणाल तर आमचा सगळा धंदा मोजक्या महिन्यांचा. नाताळ ते नववर्ष हा आठवडा धरून गोव्याला महाग ठरवू नका. जुलैत या. पाऊस, हिरवी भातशेती, पाटोळ्या आणि निम्म्याहून कमी भावात तीच खोली. टॅक्सीचा मुद्दा मान्य आहे, त्यावर मी गोव्याची बाजू घेणार नाही.

पुरणपोळी
पाटोळ्या म्हटल्यावर जुलै नक्की.

सहलवाली
पुण्यात माझा सहलींचा व्यवसाय आहे, म्हणून हॉटेलांचं आतलं लिहिते. आम्ही ज्या घाऊक पोर्टलवरून खोल्या घेतो तिथे तारखेच्या आधी विचारतात, पाहुण्याचं राष्ट्रीयत्व काय आणि राहतो कुठे. मालदीव, मॉरिशस, दुबई इथली हॉटेलं भारतीय बाजाराला एक दर देतात, आखाताला वेगळा, ब्रिटनला वेगळा. कारण आपली माणसं तीन-चार रात्रीच राहतात, उशिरा ठरवतात, जेवणासकट सगळं आधीच मागतात. युरोपातून येणारे आठ-दहा रात्री राहतात, फार आधी ठरवतात आणि बारमध्ये खर्च करतात. कधी भारतीय दर स्वस्त असतो, कधी महाग. माझी कळकळीची विनंती, दुसऱ्या देशाचं राष्ट्रीयत्व टाकून स्वस्त दर घेऊ नका. चेक-इनला पासपोर्ट बघतात आणि फरक तिथेच वसूल करतात. लहान मुलं घेऊन काउंटरवर उभ्या असलेल्या कुटुंबाला मी ते भोगताना पाहिलं आहे.

भूतानचं तर उघडच आहे. शाश्वत विकास शुल्क म्हणून भारतीयांना रात्रीमागे १२०० रुपये, इतरांना १०० डॉलर. २०२० च्या आधी आपल्याला काहीच नव्हतं.

अजिंठेकर
वेरूळ-अजिंठ्याला मी परवानाधारक गाइड आहे. भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पाहुण्यांना ६००. हा प्रश्न मला दर हंगामात विचारला जातो आणि मी तो आनंदाने समजावतो. या लेण्यांचं जतन आपल्या करांतून होतं. गंगापूर, कन्नडच्या शाळेतली पोरं एसटीने येतात, १५ वर्षांखाली तर तिकीटच नाही. त्यांच्या आई-बापांना ६०० लावले तर कैलास लेणं बघायला गावातलं कोण येईल? सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या गटांतल्या पाहुण्यांनाही आपलाच ४० चा दर आहे. श्रीलंकेचे आणि थायलंडचे बौद्ध यात्रेकरू येतात तेव्हा मला त्याचं फार समाधान वाटतं.

पश्चिमवारा
अजिंठेकर, अनुमोदन. एक माहिती जोडतो. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असेल तर राष्ट्रीय स्मारकं आणि अभयारण्यांत भारतीयांचाच दर लागतो. माझी मुलगी अमेरिकन पासपोर्टवर आहे. खिडकीवर कार्ड दाखवलं की ४० रुपये. कार्ड मूळच न्या, फोनवरच्या फोटोवरून वाद होतात.

आता इकडेही तेच सुरू झालं आहे. २०२६ पासून अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास रहिवाशांना ८० डॉलर आणि बाहेरच्यांना २५०. लूव्रमध्येही जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्यांना ३२ युरो, आतल्यांना २२.

श्रावणसर
इथे मी अजिंठेकरांच्या बाजूने आहे. जो कर भरतो आणि ज्याच्या अंगणात ते आहे त्याला सवलत, याला तत्त्व आहे. दर फलकावर लिहिलेला आहे आणि सगळ्यांना सारखा लागू होतो. विमानात मला खुपतं ते हेच, की शेजारच्याने किती दिले आणि मी इतके का, हे कुणीच सांगत नाही.

हिशेबनीस
अवांतर, पण पैशाचं. परदेशी सहलीचं पॅकेज भारतात घेतलं तर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने विकतानाच गोळा करायचा कर, लागतो. नुसत्या विमान तिकिटाला तो नाही. तो आगाऊ कर आहे, विवरणपत्र भरून वळता करता येतो. सहलीची तुलना करताना लोक तो किंमत समजून बसतात आणि परत मागायचं विसरतात. दुसरं म्हणजे परदेशात कार्ड फिरवताना मशीन विचारतं, रुपयांत की स्थानिक चलनात? नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की त्या दुकानाच्या बँकेचा दर लागतो, तो बहुतेक वेळा वाईट असतो.

वारणाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. ठरवलंय की यंदा आई-बाबांना डिसेंबरात इकडे आणायचं. बाबा एका पायावर तयार आहेत. आईला थंडीची धास्ती आहे, गुडघे धरतात, पण नातवंडांबरोबर नाताळ म्हटल्यावर हो म्हणाली.

एक प्रश्न राहिला. आम्हाला दर वर्षी भारतात यायचंच आहे. दरपत्रक प्रवास सुरू होतो त्या देशाचं असेल, तर आमचा प्रवास मुंबईहून सुरू झाला असा करता येईल का?

तिकीटघर
येतो, आणि बरेच जण करतात. एकदा लंडन-मुंबई एकेरी तिकीट काढायचं. तिथून मुंबई-लंडन-मुंबई असं परतीचं, ज्याचा दुसरा टप्पा तुमच्या पुढच्या खेपेला येईल. मग पुन्हा मुंबईहून तसंच. यात नियमभंग नाही, कारण प्रत्येक टप्पा क्रमाने वापरला जातो.

पण तुमच्यासाठी एक अडचण आहे. तुम्ही दर वेळी डिसेंबरातच येणार असाल तर लंडनहून येण्याची खेप भरलेल्या विमानातलीच असते. मुंबईच्या दरपत्रकातही त्या दिवसांची स्वस्त अक्षरं बंद असतात. फरक उरतो, पण निम्मा नाही. परतीच्या तिकिटाची मुदत जास्तीत जास्त वर्षाची असते, त्यामुळे सुट्टी संपवून जानेवारीत परतायचं आणि त्याच तिकिटावर पुढच्या डिसेंबरात यायचं हे कडेजवळच बसतं, तारीख पुढे ढकलायला फारसा वाव उरत नाही. एकेरी तिकीट पूर्ण सेवेच्या कंपन्यांमध्ये कधी कधी परतीच्या बरोबरीने पडतं, ते आधी बघा. आणि मुलांच्या शाळेची तारीख बदलली तर बदलाचं शुल्क घरातल्या प्रत्येकाचं भरावं लागेल.

मुलं शाळेत आहेत तोवर एक आड एक करा. एका वर्षी आई-बाबा डिसेंबरात तिकडे, दुसऱ्या वर्षी तुम्ही ईस्टरच्या सुट्टीत इकडे. ईस्टरला डिसेंबरइतकी गर्दी भारताकडे नसते.

सहलवाली
वारणाकाठ, आई-बाबांच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंत करता येतो, निकाल साधारण तीन आठवड्यांत. मोसमात बोटांच्या ठशांच्या वेळा लवकर भरतात, म्हणून सप्टेंबरातच धरा. प्रवास विमा चांगला घ्या आणि गुडघ्यांचा, बीपीचा जुना त्रास अर्जात लिहा. पाहुण्यांना तिथल्या सरकारी रुग्णालयात नेहमीच्या दराच्या १५० टक्के लागतात.

नवखा
ही एकेरी-परतीची साखळी आखातातून चालते का?

मस्कतकर
चालते, पण आमच्याकडे गरज कमी. एकेरी स्वस्त देणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत, दोन एकेरी वेगवेगळी काढली तरी परतीपेक्षा महाग पडत नाहीत. फक्त सामान बघून घ्या. मे महिन्यात घरून आंब्याची पेटी आणायची असते, आणि स्वस्त तिकिटात तेवढं वजन बहुतेक नसतं.

वारणाकाठ
ईस्टरचं पटलं. तिकीटघर काका, आई-बाबांची दोन तिकिटं एक-एक करून शोधून बघते आणि इथेच कळवते. सहलवाली ताई, व्हिसासाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.